मंगरूचं उत्तर

केशोरी
२० नोव्हेंबर १९५३

शालीकराम,

मोठ्या बहिणीनं आधी आशीर्वाद लिहावा, मग खुशाली विचारावी, असं आपल्याले चौथीत शिकवलं होतं. आशीर्वाद लिहिला असं समज. खुशाली मी डोळ्यांनी पाहून आली. नवेगाव बांधच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, तुझ्या दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ पाह्यला. तुले वाटलं असेल, पटका बांधला, मिशा लावल्या, आता कोण ओळखते. अरे, मी तुले कडेवर घेऊन फिरली आहे. नुसत्या चालीवरून ओळखलं.

सात वर्षांनी भाऊ दिसला अन् तो असा दिसला! लोक पोट धरून हसून राहिले होते अन् मले वाटत होतं, पायातली चप्पल घेऊन रिंगणात शिरावं.

तो तुझा मंगरू. पाटलाच्या घरचा गडी. पंगतीत वरण भाताले लागलं का पान सोडून उठते. डफडं वाजलं का कानावर हात ठेवून गोठ्यात पळते. चिचोके ओळीनं मांडत बसते, अन् कोणी एक हलवला तर सारं गाव डोक्यावर घेते. पाटील विचारते, "कोन होस रे तू?" तर हा मान वाकडी करून पाटलाच्याच आवाजात म्हणते, "कोन होस रे तू?" तिथं तर बायकांनी पदर तोंडात कोंबले. माझ्या पोट्टीचा बाप (नाव मी घेत नाही, तुले ठाऊक आहे) मांड्या बडवून हसत होता. मग त्याची नजर माझ्याकडं आली अन् त्याचं हसणं तिथंच राहिलं.

माझ्या मांडीवर माझी पोट्टी होती, शामकला. कानावर हात ठेवून बसली होती.

तू घर सोडून गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी ही झाली. दिसायले गोड आहे. वरण-भात वेगळा लागते. चिचोके ओळीनं मांडते. विचारलेलं तेच परत म्हणते, ज्यानं विचारलं त्याच्याच आवाजात. आता सांग, तुले हे कोणी सांगतलं? केशोरीचं कोण तुझ्याकडं येऊन चुगल्या करते? भाचीले एक झगा कधी धाडला नाही, अन् तिचं सोंग काढून बाजारात नाचवतेस! थू तुझ्या दंडारीवर.

अन् झालं काय माहीत आहे? घरी आलो तर शेजारणीनं बुढीले, म्हणजे माझ्या सासूले, सारी दंडार रंगवून सांगतली. बुढी म्हणे, "दंडारवाल्याले समजते, साऱ्या मंडईले समजते, या एकट्या मायलेच समजत नाही का पोट्टीच्या अंगात बाहेरचं काही आहे." आता उदाराम भगताले बोलवायचं चाललं आहे. आधी नुसती कुजबुज होती. तुझ्या मंगरूनं तिले पाय फोडले.

हा खेळ बंद कर. दुसरा लिही. तुले काही कमी सुचत नाही.

धुरपता


केशोरी
१८ डिसेंबर १९५३

शालीक,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. "बाई, मले भाची आहे हे तुझ्याच पत्रातून समजलं. मंगरू मीच होय. बिड्या बांधतो, तब्येत बरी आहे." अन् खाली तिरोड्याचा पत्ता. दोन शब्द जास्त लिहिले असते तर शाई संपत होती काय रे?

पहिले मले ते खोटं वाटलं. चार दिवस तोंड फुगवून होती. मग एक दिवस ढेकीवर धान कांडत होती अन् शामी नेहमीसारखी जवळ बसली होती. तिले ढेकी लय आवडते. डफड्याले भिणारी पोट्टी ढेकीच्या दणक्याजवळ तासभर बसते, हे नवल मले कधी उलगडलं नाही. तिच्याकडं पाहता पाहता एकाएकी तू दिसला.

माय तुले दोन थाळ्यांत वाढे, आठवते? एका थाळीत भात, एका थाळीत वरण. बाबा ओरडत, "राजाचा पोट्टा आहे काय?" गुरुजी विचारत, "सात नवे किती?" तू उभा राहून म्हणे, "सात नवे किती?" अन् वर्ग हसे, अन् छडी बसे. साऱ्यांनी तुझं नाव नकल्या पाडलं होतं. पाहुणे आले का म्हणत, "शालीक, नक्कल करून दाखव." आम्हाले वाटे, पोट्टा मस्करीखोर आहे. मस्करी तू एकदाही केली नाही, असं आता वाटून राहिलं.

अन् तुझी हळद! मांडवाखाली पाटावर बसवलं होतं. पहिल्यांदा मामीनं लावली, मग काकूनं, मग साऱ्या बाया एकदम तुटून पडल्या. तोंडाले, मानेले, पायाले, जिथं जागा भेटली तिथं ओले हात. बाजूले बाजेवाले कानाशी वाजवत. अन् तू उठला अन् पिवळाच्या पिवळा धानाच्या बांध्यांमधून पळत सुटला. पोरीकडचे मांडवातून उठून गेले. बाबा मरेपर्यंत म्हणत होते का तुझी कुठंतरी कोणी बाई आहे. गावानंही तेच धरलं. शामीले मी तेल लावते तवा ती अशी आखडते, जसं मी तिले चटका देऊन राहिली. ते पाहून मले तुझी हळद समजली. बाई-बिई कोणी नव्हती ना रे? हातच सहन झाले नाहीत.

चटक्यावरून आठवलं. नाही, आठवलं कायचं, मघापासून तेच टाळून राहिली. आता लिहूनच टाकते.

भगत येऊन गेला. अमावस्येले. अंगणात डफडं लावलं, धूप केला, पोट्टीले पाटावर बसवलं. विचारलं, "कोन होस तू?" शामी म्हणाली, "कोन होस तू?" हुबेहूब त्याच्याच घोगऱ्या आवाजात. बसलेली माणसं मागं सरकली. तो म्हणे, "पाहा, मलेच विचारते. जबर आहे. आतली ती आपलं नाव सांगीन तवाच जाईन." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग इळा तापवला. दोन पोटऱ्यांवर दोन डाग. बुढीनं मले घरात घालून बाहेरून कडी लावली होती. पोट्टी रडली, तेही मी भिंतीआडून ऐकलं.

माघाच्या पुनवेले तो पुन्हा येणार आहे. नाव निघेपर्यंत सोडत नाही म्हणते.

शालीक, ज्यावर तुझ्या दंडारीत लोक हसले, त्यावरच माझ्या अंगणात इळा तापला. मले दुसरं काही नको, एवढं सांग. कोणी विचारलं का तू तेच परत काऊन म्हणे? आत काय होते? पोथीतलं सांगू नको, तुझं सांग. अन् तीन ओळींत सांगशीन तर खबरदार.

धुरपता


केशोरी
१२ जानेवारी १९५४

लाडक्या शालीका,

चार पानं! पोस्टमनही म्हणे, आज जड आलं. मी ते पत्र इतकं वाचलं का घड्या फाटल्या.

"बाई, कोणी विचारलं का त्याचे शब्द आधी कानातच फिरत राहतात. तोंडानं परत म्हटलं का मग ते आत उतरतात, अन् समजते का आपल्याले काही विचारलं. उत्तर त्याच्या मागून येते. पण तवरक माणूस चिडते, छडी उचलते, अन् येत असलेलं उत्तर वापस जाते." हे मले तोंडपाठ झालं आहे. अन् ते डफड्याचं. तू लिहिलं, ढेकीचा ठोका कधी पडणार ते ठाऊक राहते, डफड्याचं काही सांगता येत नाही. दंडारीत तुले डफड्याची भीती नाही, कारण ते कधी वाजायचं हे तूच लिहिलं आहे, अन् कोण काय बोलणार तेही. "रिंगणात मी जेवढा सुखी असतो तेवढा बाहेर कुठंच नाही," म्हणतेस. मी विचार करून राहिली का हा माणूस हजार लोकांपुढं नाचते, पण चार बायांच्या हळदीत बसू शकत नाही, अन् दोन्हीचं कारण एकच!

अन् ते एक वाक्य. "लोक हसतात तवरक मारत नाहीत, म्हणून मी मंगरू केला." ते वाचून मी लय रडली. कोणाजवळ सांगावं?

आता ऐक. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी भांडी घासत होती, शामी राखेजवळ बसली होती. मी म्हणलं, "कोन होस तू?" ती म्हणाली, "कोन होस तू?" मी गप्प. जीभ दाताखाली धरून गप्प. भाताचा एक गंज घासला, राखुंडीनं तळ उजळला, पाण्यानं धुतला, पालथा घातला. अन् तिनं माझ्याकडं न पाहता म्हटलं, "शामी."

अरे शालीक! सहा वर्षं मी या लेकराले विचारून राहिली, अन् एकदाही थांबली नव्हती! त्यानंतर रोज विचारते. भूक लागली का? पाय दुखते का? आधी माझंच मले परत देते, मग गंज घासून होईस्तवर उत्तर येते. येतेच! एकदा म्हणाली, "इळा नको." मी धुणं टाकून तिथंच बसली.

पोट्टीच्या बापाले दाखवलं. त्याच्या समोर विचारलं, तर त्यालेच घाई. मधातच म्हणे, "बोल ना वो, बोल ना," अन् ती मुकी झाली. माणूस वाईट नाही तो, पण मायपुढं त्याचा शब्द निघत नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणे, "कागदावर कोणीही काही लिहीन. तुझा भाऊ समोर उभा राहून मायले सांगू दे का मी असाच होतो अन् मले काही धरलं नव्हतं. मग मी भगताले दारातून वापस धाडतो." हे त्यानं शामीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं आहे.

म्हणून तू ये. पुनवेच्या आदल्या दिवशी ये. छोट्या रेलनं अर्जुनीपर्यंत ये, तिथून केशोरीची बैलबंडी भेटते. तुले कोणी हात लावणार नाही, हे मी पाहीन. दोन थाळ्यांत वाढीन. फक्त बुढीसमोर उभा राहा अन् हळू हळू, तुले जमीन तसं, सांग. ती विचारीन तवा तू परत तेच म्हण, चालते. मी तिले थांबवून धरीन.

तुझी बाई


केशोरी
२५ फेब्रुवारी १९५४

शालीकराम,

तू आला होता, हे मले समजलं. बंडीवाल्या चुन्नीलालनं सांगतलं. "तो दंडारीतला मंगरू गावाबाहेर बोडीच्या पाळीवर पाण्याकाठी उभा होता, कानात बोटं घालून. मी हाक मारली तर वापस पळाला." त्याले ते सांगतानाही हसू येत होतं.

आदल्या दिवशी ये म्हणलं होतं, तू त्याच दिवशी आला. आधीची रेल चुकली का मन चुकलं, तुलेच ठाऊक. डफडं सकाळीच सुरू झालं होतं. तुले पाऊल टाकता आलं नसेल, हे मले समजते. पण समजते म्हणून राग जात नाही. मले तुझा लय राग आला आहे. दोनशे पावलं असतीन तिथून आमचं घर.

पोट्टीचा बाप दुपारपर्यंत रस्त्याकडं पाहत होता. मग म्हणे, "नाही आला ना?" अन् आत गेला.

या वेळी मले कोंडलं नाही. त्यानंच माझे दंड धरून ठेवले. तोही रडत होता, पण धरून होता. भगतानं विचारलं, "कोन होस तू?" शामीनं परत विचारलं. मी ओरडली, "थांबा! थोडं थांबा, ती सांगते, तिले आपलं नाव सांगता येते!" उदाराम म्हणे, "मायलेही लागलं आहे, तिले मागं न्या." एक डाग. पुन्हा विचारलं, अन् वरून डफडं. दुसरा. तिसरा.

मग डफड्याचं चामडं ढिलं पडलं. वाजवणारा उठला अन् शेकोटीवर डफडं शेकायले बसला. भगतही पाणी प्यायले वळला. सारं अंगण गप्प झालं. कोणी काही विचारत नव्हतं, कोणी काही वाजवत नव्हतं. गंज घासायले लागते तेवढाच वेळ गेला असेल. अन् माझी पोट्टी म्हणाली, "शामी."

उदाराम उडीच मारून आला. "गेली! गेली! ती गेली, पोट्टी वापस आली!" बुढी त्याच्या पायावर पडली. सारं गाव हात जोडून उभं. नारळ फुटला, गूळ वाटला. पोट्टीच्या बापानं माझे दंड सोडले अन् मले म्हणे, "पाह्यलं का वो? पाह्यलं का?"

पाह्यलं. त्या अंगणात मी एकटीनंच पाह्यलं.

तवापासून शामी बोलली नाही. एक अक्षर नाही. विचारलेलं परतही म्हणत नाही. कानावर हात ठेवत नाही, डफडं वाजलं तरी. चिचोके दिले तर मुठीत धरून बसते. घरात सारे खूष आहेत. "शांत झाली, गुणाची झाली." बुढी तर तिच्यावर जीव ओवाळून टाकते, स्वतःच्या हातानं भरवते. वरण-भात कालवून भरवते, अन् ती खाते.

पत्र पाठवू नको. मले वाचायचं नाही.

धुरपता


केशोरी
१८ ऑक्टोबर १९५४

शालीक,

तुझी पाच पत्रं आली. फोडली नव्हती, काल फोडली. पाचही पत्रांत तेच, "बाई, मी पाळीवरून पुढं येऊ शकलो नाही." समजलं रे. आता लिहू नको ते.

काल काय झालं ते सांगते. उदाराम भगताचं नाव आता लांबवर गेलं आहे, आमच्या शामीमुळं. एक बाई आली होती, सत्यभामा म्हणून, जंगलाकडच्या गावची. कडेवर तीन-चार वर्षांची पोर. ती पोर कोणाकडं पाहत नव्हती, बोटं डोळ्यांपुढं नाचवत होती. बुढीनं तिले बसवलं, चहा दिला, अन् शामीले बोलावून तिचा झगा वर केला. पोटऱ्या दाखवल्या, पाठ दाखवली. "पाहा बाई, इथं इथं दिले. आता कशी गरीब गाय झाली." शामी उभी राहिली. कोणी झगा वर करो का खाली, तिले त्याचं काहीच नाही.

मी त्या बाईले ढेकीच्या खोलीत घेऊन गेली. म्हणलं, "बाई, भगताकडं जाऊ नको. लेकराले विचार, अन् थांब. गंज घासून होईस्तवर थांब. परत तेच म्हणाली तरी थांब." तिनं माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणाली, "तुमची बरी झाली ना? मग आमची काऊन अडवता?"

काय सांगू तिले? कोणत्या तोंडानं सांगू का माझी बरी झाली नाही, तर सारं गाव म्हणते झाली? ती गेली उदारामकडं. तिचंही काही चुकत नाही, लेकरासाठीच गेली.

माझं कोणी ऐकत नाही, शालीक. घरी नाही, गावी नाही. तुझं ऐकतात. तुझ्यापुढं हजार माणूस दिवसभर उन्हात बसते. मी तुले म्हणलं होतं, खेळ बंद कर. आता म्हणते, बंद करू नको. पण मंगरूले उत्तर दे.

असं कर. पाटलानं विचारावं, "कोन होस रे तू?" मंगरूनं परत म्हणावं. लोक हसतीन, हसू दे. तुझ्या खेळात इथं पाटील लाथ घालते अन् दुसरं गाणं सुरू होते. तसं करू नको. पाटलाले खाली बसव. डफडेवाल्याले सांग का ऊठ, डफडं शेकायले जा. खरंच जाऊ दे त्याले, रिंगणाबाहेर. मग कोणी काही बोलू नये. लोक चुळबुळ करतीन, शिट्ट्या मारतीन, "अरे, विसरला काय बे?" म्हणतीन. तू थांब. तुले थांबणं जमते, रिंगणात तर जमतेच, अन् हे तू लिहिलेलंच राहणार आहे. सारे गप्प झाले का मग मंगरूनं आपलं नाव सांगावं. हळू, पाटलाकडं न पाहता. बस, एवढंच. पुढं गाणं म्हण, नाच, काय करायचं ते कर.

दिवाळी झाली का नवेगाव बांधची मंडई आहे. मी शामीले घेऊन पहिल्या रांगेत बसीन. पोट्टीचा बाप येणार आहे, बुढीलेही बंडीत घालून आणीन. ती सत्यभामाही येईन कदाचित. आपल्याकडचं माणूस मंडई चुकवत नाही. त्यांनी एकदा थांबून पाहावं. दंडारीत का होईना.

आमचं म्हणशीन तर, मी रोज भांडी घासताना शामीले विचारते, "कोन होस तू?" अन् थांबते. ती राखेजवळ बसून राहते, माझ्या हाताकडं पाहते. बुढी आतून ओरडते का किती वेळ लावतेस. काल सारी भांडी घासून झाली तरी काही आलं नाही, तवा मी घासलेलीच पुन्हा घासायले घेतली.

तुझी बाई